रुरिटानियाचे राजपद आणि राजदरबार : एका काल्पनिक युरोपीय राज्याचा राजकीय अन्वयार्थ

प्रस्तावना

राज्यशास्त्राच्या अभ्यासात राजेशाहीचा विचार सामान्यतः प्रत्यक्ष इतिहासातील राजघराण्यांच्या आधारे केला जातो. तथापि साहित्यात निर्माण झालेली काही काल्पनिक राज्येही राजपद या संस्थेच्या स्वरूपावर महत्त्वपूर्ण प्रकाश टाकतात. इंग्रज लेखक अँथनी होप (१८६३-१९३३) यांच्या 'द प्रिझनर ऑफ झेंदा' (१८९४) या कादंबरीतील रुरिटानिया हे अशा राज्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध राज्य होय. होप हे व्यवसायाने बॅरिस्टर होते. १८९२ च्या निवडणुकीत लिबरल पक्षातर्फे उभे राहून ते पराभूत झाले होते. कायदा आणि राजकारण या दोन्ही क्षेत्रांचा त्यांना असलेला परिचय त्यांच्या या साहसकथेत जागोजागी जाणवतो.

ही कादंबरी केवळ मनोरंजनासाठी लिहिलेली म्हणून दुर्लक्षिली जाते. परंतु तिच्या केंद्रस्थानी एक मूलभूत प्रश्न आहे. राजाची सत्ता त्याच्या रक्तात असते, त्याच्या गुणांत असते, की त्याच्याभोवती उभ्या असलेल्या दरबाराच्या मान्यतेत असते? प्रस्तुत लेखात रुरिटानियाच्या राजपदाची व राजदरबाराची रचना स्पष्ट करून या प्रश्नाचा विचार केला आहे.

राज्याची मांडणी

रुरिटानिया हे मध्य युरोपातील जर्मन भाषिक, कॅथलिक राज्य म्हणून रंगविले आहे. कथानायक पॅरिसहून ड्रेस्डेनमार्गे रेल्वेने तेथे पोहोचतो. म्हणजेच लेखकाच्या मनातील हे राज्य सॅक्सनी व बोहेमियाच्या परिसरातील आहे. स्ट्रेलसाउ ही त्याची राजधानी असून तेथून सुमारे पन्नास मैलांवर, सरहद्दीच्या बाजूस, झेंदा हे किल्ल्याचे गाव आहे. एल्फबर्ग हे राजघराणे असून तांबूस केस आणि लांब, सरळ नाक ही त्याची वंशखूण मानली जाते.

कथेच्या आरंभी राजा पाचवा रुडॉल्फ याचा राज्याभिषेक तोंडावर आला आहे. त्याचा बराच काळ परदेशात गेला असल्याने प्रजेतील फार थोड्यांनी त्याला जवळून पाहिले आहे. त्याचा सावत्र भाऊ मायकेल हा स्ट्रेलसाउचा ड्यूक असून राजधानीत त्याचा प्रभाव मोठा आहे. राजघराण्यातील राजकन्या फ्लेव्हिया ही लोकप्रिय असून वारसाक्रमात राजाच्या खालोखाल तिचे स्थान आहे. याच सुमारास रुडॉल्फ रासेन्डिल हा इंग्रज गृहस्थ तेथे येतो. १७३३ मधील एका प्रणयप्रकरणामुळे त्याच्या घराण्यात एल्फबर्गांचे रक्त आलेले असते आणि त्याचा चेहरा राजाशी विलक्षण जुळतो.

वारसाहक्क आणि 'मॉर्गनॅटिक' विवाह

मायकेल हा दिवंगत राजाचाच पुत्र असताना त्याला सिंहासनावर हक्क का नाही, हे समजल्याशिवाय कथेतील संघर्ष समजत नाही. मायकेल हा राजाच्या दुसऱ्या, 'मॉर्गनॅटिक' विवाहाचा पुत्र आहे. युरोपातील अनेक राजघराण्यांत, विशेषतः जर्मन प्रदेशांत, राजपुरुषाने आपल्याहून कमी दर्जाच्या कुळातील स्त्रीशी केलेल्या विवाहास हे नाव होते. असा विवाह धर्मदृष्ट्या वैध असे आणि त्याची संतती औरस मानली जाई. मात्र पत्नीस पतीचा दर्जा व मुलांना सिंहासनाचा वारसा मिळत नसे. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याने १९०० मध्ये सोफी शोटेक हिच्याशी केलेला विवाह याच प्रकारचा होता.

म्हणजेच मायकेलच्या मार्गातील अडथळा जन्माचा नसून कायद्याचा आहे. वारसा हा निसर्गाने ठरत नाही, तो मान्यतेने ठरतो. भारतीय वाचकास येथे सातारा संस्थानाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दत्तक वारस नामंजूर करून १८४८ मध्ये हे संस्थान खालसा करण्याचा निर्णय झाला, तेव्हाही प्रश्न नात्याचा नव्हता. ते नाते मान्य करण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न होता. मायकेल आपल्या अडचणीवर उपाय म्हणून फ्लेव्हियाशी विवाह करू पाहतो. जो हक्क जन्माने मिळाला नाही तो विवाहाने मिळवावा, हा त्यामागील हिशेब आहे.

परकीय व्यक्ती सिंहासनावर बसते ही कल्पनाही त्या काळी अवास्तव नव्हती. ग्रीसच्या गादीवर १८३२ मध्ये बव्हेरियाचा ओटो आणि १८६३ मध्ये डेन्मार्कचा राजपुत्र जॉर्ज यांना बसविण्यात आले. रुमानियाने १८६६ मध्ये होहेनझोलर्न घराण्यातील कारोल यास आणले. बल्गेरियाचा राजपुत्र अलेक्झांडर बाटेनबर्ग हाही जर्मनच होता, आणि तो स्वतः मॉर्गनॅटिक विवाहाचा पुत्र होता. १८८६ मध्ये कट करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्याचे अपहरण करून त्याला पदत्याग करावयास लावले. 'द प्रिझनर ऑफ झेंदा' प्रसिद्ध झाली ती या घटनेनंतर अवघ्या आठ वर्षांनी. राजाचे अपहरण, परका राजा व दुय्यम विवाहाचा पुत्र हे कथेचे तिन्ही घटक समकालीन युरोपात प्रत्यक्ष अस्तित्वात होते.

राज्याभिषेक : पद आणि व्यक्ती

राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री झेंदाजवळच्या शिकारगृहात राजाला गुंगीचे औषध मिसळलेले मद्य पाजले जाते. राजा अनुपस्थित राहिला तर मायकेलचे फावेल, हे ओळखून राजनिष्ठ कर्नल सॅप्ट एक धाडसी निर्णय घेतो. रासेन्डिलला राजाचा पोशाख चढवून राजधानीत नेण्यात येते. कॅथिड्रलमध्ये त्याला धर्मविधीपूर्वक अभिषेक होतो, तो मुकुट धारण करतो व राजाची शपथ घेतो. पुढे तो परराष्ट्रांच्या वकिलांना भेटतो आणि राजकाज चालवितो. खरा राजा मात्र झेंदाच्या किल्ल्यात मायकेलच्या कैदेत असतो.

येथे राजपदाच्या दोन बाजू स्पष्टपणे वेगळ्या होतात. इतिहासकार एर्न्स्ट कांटोरोविच यांनी १९५७ मधील आपल्या ग्रंथात मध्ययुगीन कायद्यातील 'राजाचे दोन देह' या संकल्पनेचे विवेचन केले आहे. राजाचा एक देह नैसर्गिक व मर्त्य असतो, तर दुसरा राजकीय देह अखंड असतो. रुरिटानियात हे दोन देह दोन निरनिराळ्या माणसांत विभागले जातात. नैसर्गिक राजा तळघरात आणि राजकीय राजा सिंहासनावर, अशी ही विभागणी आहे.

वॉल्टर बॅजट यांनी इंग्लंडच्या राज्यघटनेवरील १८६७ च्या ग्रंथात शासनाची दोन अंगे सांगितली आहेत. लोकांच्या मनात आदर निर्माण करणारे ते गौरवदर्शक अंग आणि प्रत्यक्ष कारभार करणारे ते कार्यकारी अंग. बॅजट यांच्या मते राजपद हे मुख्यतः पहिल्या अंगाचा भाग होय. रुरिटानियाच्या दरबारात मिरवणूक, अभिषेक, मेजवानी, नृत्यसमारंभ आणि 'रेड रोझ' हे राजचिन्ह यांना जे महत्त्व आहे त्याचा उलगडा या विवेचनाने होतो. समारंभ यथासांग पार पडला की लोकांच्या दृष्टीने राजा सिद्ध होतो.

दरबार : मौनाचा करार

तोतया राजा टिकतो तो केवळ चेहऱ्याच्या साम्यामुळे नव्हे. सॅप्ट व फ्रिट्झ फॉन टार्लेनहाइम हे दोन निष्ठावान सेवक रहस्य सांभाळतात, हे त्याचे एक कारण आहे. त्याहून महत्त्वाचे कारण असे की रहस्य फोडणे शत्रूलाही परवडणारे नसते. सिंहासनावरील माणूस खोटा आहे हे मायकेलला पक्के ठाऊक असते. परंतु तसे जाहीर केल्यास खरा राजा कोठे आहे या प्रश्नाचे उत्तर त्याला द्यावे लागेल. एकाचे कपट दुसऱ्याच्या कपटाचे संरक्षण करते. सत्य माहीत असलेल्या सर्वांच्या मौनावर दरबार उभा राहतो, हे या कादंबरीचे सर्वांत मार्मिक राजकीय निरीक्षण म्हणावे लागेल.

मराठ्यांच्या इतिहासातील तोतयाचे प्रकरण येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ आपणच असल्याचा दावा करणारा इसम पुढे आला. त्याच्यामागे लोक जमले, कोकणातील काही किल्ले त्याच्या ताब्यात गेले, आणि अखेरीस १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड देण्यात आला. दोन्ही ठिकाणी लोक भुलले. फरक असा की पुण्यात कारभारी मंडळ तोतयाच्या विरोधात उभे राहिले, तर स्ट्रेलसाउमध्ये दरबारातील राजनिष्ठांनीच तोतया उभा केला. तोतयाचे भवितव्य त्याच्या साम्यापेक्षा दरबाराच्या भूमिकेवर अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.

गुण आणि हक्क यांतील संघर्ष

रासेन्डिल हा खऱ्या राजापेक्षा अधिक चांगला राजा ठरतो. खरा राजा मद्यासक्त व बेपर्वा आहे. रासेन्डिल संयमी, शूर व कर्तव्यदक्ष आहे. राजकन्या फ्लेव्हियालाही 'राजा'त झालेला हा बदल जाणवतो आणि ती त्याच्यावर प्रेम करू लागते. अशा स्थितीत खऱ्या राजाला मरू देणे व स्वतः राज्य करणे हा मोह त्याच्यासमोर उभा राहतो. तो मोह बाजूला सारून रासेन्डिल राजाची सुटका करतो. मायकेल आपल्याच साथीदाराच्या, रुपर्ट ऑफ हेन्त्झाउ याच्या हातून मारला जातो, राजा सिंहासनावर परततो आणि रासेन्डिल देश सोडतो.

वरवर पाहता हा वंशपरंपरागत हक्काचा विजय आहे. परंतु त्याची किंमत फ्लेव्हियाला मोजावी लागते. सत्य समजल्यानंतरही ती राज्याप्रती असलेल्या कर्तव्यापोटी राजाशी विवाह करते. रासेन्डिल निदान स्वतःच्या जीवनात परत जाऊ शकतो, तिला मात्र परतण्यासाठी दुसरे जीवनच नाही. राजपद ही संस्था ज्यांच्या त्यागावर टिकते त्यांत स्त्रियांचा वाटा किती मोठा असतो, हे या पात्रामुळे ध्यानी येते.

'रुपर्ट ऑफ हेन्त्झाउ' (१८९८) या उत्तरार्धात हा विचार आणखी पुढे नेलेला आहे. त्यात खरा राजा मारला जातो, राजा होण्याविषयीचा आपला निर्णय जाहीर करण्यापूर्वीच रासेन्डिलचाही खून होतो, आणि त्याचे दफन राजा म्हणून केले जाते. फ्लेव्हिया राणी म्हणून राज्य करीत राहते. राज्याच्या अधिकृत इतिहासात असत्याचीच नोंद होते आणि राज्य सुरळीत चालू राहते.

प्रजेचे स्थान

या सर्व घडामोडींत प्रजा कोठे आहे? स्ट्रेलसाउ शहराचे दोन भाग वर्णिले आहेत. प्रशस्त रस्त्यांच्या नव्या शहरात वरिष्ठ वर्ग राहतो व तो राजाच्या बाजूचा आहे. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत गरीब वस्ती आहे आणि तिला मायकेल आपला वाटतो. निवेदक या वस्तीचे वर्णन दंगेखोर व बव्हंशी गुन्हेगार असे करतो. गरिबांना मायकेल का जवळचा वाटतो, याचे उत्तर कादंबरी देत नाही. राज्याभिषेकाच्या दिवशी रासेन्डिल जुन्या शहरातून एकटाच घोड्यावर बसून जातो आणि लोकांची मने जिंकतो. प्रजेची भूमिका जयजयकार करण्यापुरतीच उरते. ही मर्यादा निवेदकाची आहे. तो इंग्लंडमधील सरदार घराण्यातील पुरुष असून त्याच्याच दृष्टीने वाचक हे राज्य पाहतो. व्हेस्ना गोल्ड्सवर्दी यांनी १९९८ मधील आपल्या ग्रंथात अशा काल्पनिक राज्यांच्या द्वारे ब्रिटिश साहित्याने बाल्कन प्रदेशाविषयी विशिष्ट प्रतिमा कशी रूढ केली याची चिकित्सा केली आहे.

कादंबरीबाहेरील रुरिटानिया

पुढे रुरिटानिया हे नाव सामान्यनाम बनले. अशा काल्पनिक राज्यांतील साहसकथांचा एक स्वतंत्र प्रकारच निर्माण झाला. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी 'झिंदेर बंदी' या कादंबरीत हे कथानक भारतीय संस्थानाच्या वातावरणात आणले. तिच्यावर आधारित तपन सिन्हा दिग्दर्शित चित्रपट १९६१ मध्ये प्रदर्शित झाला. अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मीझेस यांनी चलनविषयक विवेचनात उदाहरणादाखल हेच राज्य घेतले. अर्नेस्ट गेलनर यांनी १९८३ च्या राष्ट्रवादावरील ग्रंथात 'मेगॅलोमेनिया' साम्राज्यातील रुरिटानियन शेतकऱ्यांचे उदाहरण घेऊन औद्योगिकीकरण, स्थलांतर व शिक्षण यांतून राष्ट्रजाणीव कशी घडते हे समजावून दिले. होप यांच्या कथेत ज्यांना आवाज नव्हता ते ग्रामीण रुरिटानियन गेलनर यांच्या सिद्धांतात इतिहासाचे कर्ते झाले, हे लक्षणीय आहे.

समारोप

कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा फ्रान्स, स्वित्झर्लंड यांसारखे मोजके अपवाद वगळता युरोपात सर्वत्र राजेशाही होती. १९१७ मध्ये रशियातील आणि १९१८ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीतील राजसत्ता कोसळल्या. रुरिटानिया जेथे वसलेली मानली जाते त्या परिसरात आज एकही राजा नाही. तरीही या काल्पनिक दरबाराचे महत्त्व कमी होत नाही. सत्तेची वैधता ही केवळ वंशातून येत नाही व केवळ गुणांतूनही येत नाही. विधी, कायदा आणि पदाभोवतालच्या लोकांची मान्यता यांतून ती घडविली जाते, हे या कथेवरून दिसून येते. हे तत्त्व राजेशाहीपुरते मर्यादित नाही. लोकशाहीतही पदाची प्रतिष्ठा आणि पदस्थ व्यक्तीची योग्यता यांतील अंतर कायम असते. ते अंतर झाकणाऱ्या मौनात कोण सहभागी आहे आणि त्याची किंमत कोण मोजत आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लागावी यासाठी राज्यशास्त्र व साहित्य या दोन्ही विषयांच्या अध्यापनात रुरिटानियाचा उपयोग निश्चितच होऊ शकतो.