चाकूची धार : साधी, दातेरी की मिश्र?

कापडाच्या पेढीवर मीटरपट्टी, कात्री आणि चाकू ही तीन हत्यारे रोजची. कात्री घेताना आम्ही व्यापारी ती दहा वेळा उघडझाप करून पाहतो. मीटरपट्टीवर सरकारी शिक्का आहे की नाही तेही तपासतो. चाकू मात्र पाते चमकते आणि मूठ हातात बसते एवढ्यावरच खरेदी होतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले आणि एकदा त्याची किंमत मोजली.

2011 सालच्या रमझानच्या तोंडावरची गोष्ट. इचलकरंजीहून पॉपलिनच्या गाठी आल्या होत्या. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, म्हणून गाठी फोडण्याचे काम आम्ही नव्याने लागलेल्या एका तरुणाकडे सोपवले. हातात दिला तो आम्ही नुकताच मोठ्या हौसेने घेतलेला मिटता चाकू. पाते तीन इंचांचे, टोकाकडचा अर्धा भाग साधा आणि मुठीकडचा अर्धा दातेरी. विकणाऱ्याने सांगितले होते, ‘सेठ, एकात दोन चाकू आहेत.’ मुलाने गोणपाटाची शिवण उसवण्यासाठी पाते आत घातले आणि ओढले. गोणपाट तर फाटलेच, पण खालच्या ताक्यांच्या घड्याही दात्यांत अडकल्या. पाच ताक्यांचे सूत ओढले गेले. ते ताके डागी मालात विकावे लागले आणि नुकसानीचा काही भाग आम्ही त्या मुलाच्या पगारातून कापून घेतला. तो काही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरी गाठ आम्ही स्वतः, त्याच चाकूने, सांभाळून फोडली. तरीही वरचा ताका धरला गेलाच. तेव्हा कुठे ध्यानात आले की कसूर मुलाच्या हाताची नव्हती, आमच्या खरेदीची होती. कापलेले पैसे परत केले, चारचौघांत त्याची माफी मागितली आणि मग हा धारेचा मामला काय आहे ते समजून घ्यायला बसलो. धारवाले, मच्छीमार, बेकरीवाले अशा अनेकांना विचारले. त्यातून जे हाती आले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

साधी धार म्हणजे टोकापासून मुठीपर्यंत एकसारखी, अखंड रेघ. नुसते दाबले तरी ती कापते आणि काप स्वच्छ येतो. सोलणे, तासणे, शिवण उसवणे, कागद किंवा चामडे रेघेवर कापणे ही सारी तिची कामे. चांभाराची रापी घ्या किंवा खाटकाची सुरी, धार साधीच असते, कारण तिथे हाताला पाते नेमके कुठे आहे ते कळावे लागते.

दातेरी धारेला उर्दूत दंदानेदार म्हणतात, आमच्या तोंडी तोच शब्द बसला आहे. तिचे काम वेगळ्या तऱ्हेने चालते. हाताचा सारा जोर दात्यांच्या टोकांवर एकवटतो, म्हणून ती टोके निसटत्या, चिवट वस्तूत लगेच रुततात. मग पाते ओढले की दोन दात्यांमधल्या खोलगट खाचेत धागा धरला जातो आणि तुटतो. वस्तू कठीण पृष्ठभागावर ठेवून कापली तर मार दात्यांच्या टोकांना बसतो, आतल्या खाचांची धार शाबूत राहते. म्हणूनच दातेरी चाकू बरेच दिवस धार न लावताही चालतो. कोकणात भातकापणीला ‘वैभव’ विळा वापरतात तो दातेरी असतो, त्यामागचे गणित हेच. मूठभर ओल्या काड्या साध्या धारेवरून सटकतात, दात्यांत अडकून कापल्या जातात.

मात्र दातेरी धार ओढल्याशिवाय कापत नाही, आणि ओढली की कडा फाटक्या निघतात. पुष्कळ चाकूंचे दाते पात्याच्या एकाच अंगाने घासून काढलेले असतात, त्यामुळे काप सरळ न जाता एका बाजूला कलतो. दोरी तोडताना याने काही बिघडत नाही. कापडाशेजारी फार बिघडते.

तिसरी मिश्र धार. ऐकायला ती सर्वांत सोयीची वाटते. आमच्या घरच्या विळीला भाजी चिरायला पाते आणि टोकाला नारळ खवायला दाते असतात, तीही मिश्रच की! पण विळी ऐसपैस असते, दोन्ही कामांची जागा अलग राहते. तीन इंचांच्या पात्यात दीड इंच साधी आणि दीड इंच दातेरी धार म्हणजे दोन्ही कामे अर्धवट. दोरी कापायला ओढ पुरत नाही, सोलायला जागा पुरत नाही. शिवाय हाताचा जोर सर्वांत जास्त मिळतो तो मुठीजवळ. लाकूड तासायचे, जाड पुठ्ठा कापायचा तर तिथे साधी धार हवी, आणि बहुतेक मिश्र चाकूंत नेमके तिथेच दाते बसवलेले असतात. काही कंपन्या दाते टोकाकडे देतात, मग शिवणीत टोक घालताच धागा धरला जातो.

मग असे चाकू विकले का जातात? दातेरी पाती मिटत्या चाकूंत रूढ करण्यात अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या स्पायडर्को कंपनीचा मोठा वाटा आहे. 1981 साली तिने पात्याला गोल भोक आणि खिशाला अडकवायची पट्टी असलेला चाकू आणला. एका हाताने उघडता येणाऱ्या चाकूंची चाल त्यानंतर खूप वाढली. स्वित्झर्लंडच्या फौजेतला मिटता चाकू 1891 च्या सुमारास आला, त्याचे पाते साधे होते. पुढे शंभरावर वर्षे ते साधेच राहिले. 2008 साली निवडलेल्या नव्या नमुन्यात मात्र पात्याचा काही भाग लहरदार दात्यांचा आहे. शिपायाला पट्टा, दोर, पाव आणि काटकी सारे एकाच चाकूने कापायचे असते, जवळ दुसरा चाकू नसतो आणि काप सुबक यावा अशी त्याची अपेक्षाही नसते. त्याच्यासाठी मिश्र धार ठीक आहे. आमच्या गल्ल्यात दोन चाकू ठेवायला जागा आहे. मग फौजेची नक्कल कशाला करावी?

साध्या धारेबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते की ती सुतळीवरून, नायलॉनच्या दोरीवरून घसरते. आम्हालाही तसेच वाटे. एका वृद्ध धारवाल्याने आमचा गैरसमज दूर केला. त्याचे म्हणणे, ‘तुम्ही चाकू आरशासारखा गुळगुळीत करून मागता आणि वर दोरी कापत नाही म्हणता.’ दोरी कापायची असेल तर बारीक दगडावर घासूच नये, जाड दाण्याच्या दगडावरच थांबावे. त्या दगडाने धारेवर डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे उठतात आणि तेच दात्यांचे काम करतात. आम्ही हे करून पाहिले. जाड दगडावर लावलेली साधी धार सुतळी झरकन कापते आणि कापड धरीत नाही. आमच्या मते या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट हीच, आणि तिला नवा पैसाही खर्च होत नाही.

धार लावण्याच्या बाबतीतही साधे पाते सोयीचे. कार्बोरंडमचा दगड, थोडे पाणी किंवा तेल, आणि पाते दगडापासून साधारण वीस अंश उचलून दोन्ही बाजूंनी सारखे घासायचे. एका बाजूने घासले की पलीकडे धातूची बारीक कड उलटून येते, बोटाच्या नखाला खरखरते. ती हलक्या हाताने काढली की झाले. दातेरी पात्याला हा दगड चालत नाही. त्याला निमुळती गोल कानस लागते, हिरकणीचा थर दिलेल्या अशा कानशी आता बाजारात मिळतात. एकेका खाचेत, ज्या अंगाने दाते काढले आहेत त्याच अंगाने ती फिरवायची, मग सपाट अंगावरची उलटलेली कड पुसून घ्यायची. काम किचकट आहे. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे दातेरी चाकू कधी देऊ नये. आमचा एक चाकू असाच गेला. चाक फिरले, ठिणग्या उडाल्या आणि दात्यांच्या जागी नुसत्या लाटा उरल्या. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याचे चाक त्या कामाचे नव्हतेच.

आता धंद्यानुसार. कापडवाले, शिंपी, चामड्याचे कारागीर, फळवाले, तार सोलणारे वायरमन यांनी साधी धार घ्यावी. होडीवर ओले नायलॉनचे दोर आणि जाळी सांभाळणाऱ्या मच्छीमार बांधवांनी पूर्ण दातेरी घ्यावी, तिथे दोर क्षणात तुटणे जिवाशी निगडित असते. ट्रकवर माल बांधणाऱ्यांनाही तीच उपयोगी. बेकरीत पाव कापायला लांब दातेरी सुरी असते, कारण वरचे कडक कवच फोडायचे आणि आतला मऊ भाग दाबू द्यायचा नाही. ते काम खिशातल्या चाकूचे नव्हेच.

गाठीवर लोखंडी पट्टी असेल तर कोणताही चाकू लावू नका, पत्रा कापायची कात्री वापरा. तुटलेली पट्टी उसळून तोंडावर येते, म्हणून बाजूला उभे राहा. प्लॅस्टिकच्या पट्टीला दातेरी धार उत्तम. पण पट्ट्या तुटल्या की तो चाकू मिटून बाजूला ठेवा आणि वेष्टन साध्या धारेने उघडा. पाते आत खुपसू नका, धार वरच्या अंगाला ठेवून टोकाने शिवण उचलून कापा.

खरेदी करताना पाते उघडून आडवे हलवून पाहा, मुठीत डगमगता कामा नये. उघडल्यावर पाते अडकवणारी कळ असेल तर बरे, बोटांवर मिटत नाही. दातेरी पाते फार स्वस्त मिळत असेल तर दाते बोटाने नव्हे, दोरीच्या तुकड्यावर तपासा. नुसते ठसा मारल्यासारखे दाते दोरी फक्त पिंजतात.

चाकू शक्यतो दुकानात ठेवावा. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात आणि घरगुती व धंद्याच्या कामासाठी बनवलेली वगळली आहेत, हे खरे. तरी सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली बंदीहुकूम निघतात, त्यांत सुरे-चाकू बाळगण्यालाही मनाई असू शकते. अशा दिवसांत गाठ फोडायचा चाकू खिशात विसरून बाजारात फिरलात तर नाहक खुलासे देत बसावे लागेल.

आमचा तो ‘एकात दोन’ चाकू अजून आहे. गोदामाच्या दारामागे खिळ्याला टांगला आहे आणि फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्या तोडायला वापरतो. ज्याचा पगार आम्ही कापला होता तोच मुलगा आता गोदाम सांभाळतो. नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी दोन्ही चाकू दाखवतो आणि साध्या धारेचा हातात देतो.