ऊस वर्षाचा, खर्च रोजचा



ऊस हे एकरकमी पैसा देणारे पीक आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु या एकरकमीपणाचा घरसंसारावर काय परिणाम होतो, याचा हिशेब आपल्यापैकी फार थोडे लोक मांडतात. आडसाली लावला तर सोळा-अठरा महिने आणि सुरू लावला तरी बारा महिने पदरात छदाम पडत नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत. समजा, ते अगदी दिवस मोजून मिळाले. तरी वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने राहतातच! मीठ-मिरची, लेकरांच्या वह्या, पाव्हण्यांचा चहा, दवाखान्याची चिठ्ठी, यांतले काहीही उसाच्या तोडणीची वाट पाहत थांबत नाही. ऊस वर्षाचा आणि खर्च रोजचा, ही आपली खरी अडचण आहे.

या दोहोंमधली फट आपण कशाने बुजवतो? उधारीने. दुकानदाराच्या वहीत नाव चढते आणि बिल आले की निम्मे त्या वहीतच जिरते. शेतकी खात्याच्या कामानिमित्त उमापूर, चकलांबा या भागात माझे फिरणे असते. एकरी टनेज चांगले काढणारा शेतकरीही चैत्रात हात आखडून बसलेला दिसतो. त्याचा ऊस कमी पडलेला नसतो, त्याच्या घरात रोजचा पैसा नसतो.

म्हणून या अंकात लागवड, बेणे, खते हा नेहमीचा विषय बाजूला ठेवून परसातल्या कोंबड्या, हातचे काम आणि काटकसर यांविषयी लिहीत आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. ऊसदराचा प्रश्न आपल्या जागी आहे, तो अंडी विकून सुटणार नाही. साधे राहा म्हणजे घामाचे दाम मागू नका, असा अर्थ कोणी काढू नये. पण दर कितीही मिळाला, तरी उधारीच्या वहीला गळती असेल तर रांजण भरणार नाही.

शिकावे कोणाकडून?

आपला बीड जिल्हा मोठा विलक्षण आहे. एकाच गावात, एकाच आळीत एक घर ऊस लावणाऱ्याचे, तर दुसरे ऊस तोडणाऱ्याचे. दसरा झाला की लाखो माणसे मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बिऱ्हाड नेताना ट्रॅक्टरवर काय काय चढते ते कधी नीट बघा. भांडी, अंथरूण, ज्वारीचे पोते, एखादी शेळी, आणि डालग्यात चार कोंबड्या. कोपी उभी राहिली की कोंबड्या तिच्यापुढे चरू लागतात.

ज्याच्याजवळ सगळ्यांत कमी आहे तो कोंबड्या सोबत का नेतो? अडीनडीला हातात पैसा देणारी ती त्याची एकच पेढी असते. लेकरू आजारी पडले तर मुकादमापुढे हात पसरायच्या आधी कोंबडा विकता येतो. आपण बागायतदार झालो आणि अंगणात फरशी घातली. कोंबड्या घाण करतात म्हणून काढून टाकल्या आणि अंडी दुकानातून आणू लागलो, तीही उधार.

दहा कोंबड्यांचा हिशेब

दहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढ्यावर सुरुवात करावी. गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ ते सत्तर अंडी देते. ती सलग देत नाही. बारा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक बसते. साठ धरली तर दहा कोंबड्यांची सहाशे अंडी झाली. त्यांतली दोनशे घरातल्या लेकरांच्या तोंडी जाऊ द्यावीत आणि शंभर उबवायला ठेवावीत. उरली तीनशे. दहा रुपये भाव धरला तर तीन हजार रुपये होतात. भाव ज्याने त्याने आपल्या आठवडी बाजाराचा घालावा.

कोणी म्हणेल, “साहेब, तीन हजारांत काय होते?” खरे आहे, त्यात ट्रॅक्टर येत नाही. पण हे पैसे एकदम येत नाहीत, दहा-वीस रुपयांनी वर्षभर येत राहतात. तेलाची बाटली आणि साखरेचा पुडा रोखीने घेण्याएवढा पैसा फडताळात असतो. शिवाय उबवलेल्या शंभर अंड्यांतून चाळीस पिले जरी मोठी झाली, तरी दहा घरी ठेवून तीस विकता येतात.

जास्त अंडी हवी असतील तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया या जाती आहेत. बंगळुरूची गिरिराजाही आहे. छत्रपती संभाजीनगरला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. पिलांची चौकशी आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करावी. मात्र या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून त्यांची अंडी उबवायला दोन-तीन गावरान कोंबड्या घरी असाव्यातच.

पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. एका खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. एकविसाव्या दिवशी पिले निघतात. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात बॅटरीपुढे अंडे धरून पाहावे. ज्यात रक्ताच्या रेषा दिसत नाहीत ते काढून टाकावे.

२. उबवण हिवाळ्यात करावी. आपल्याकडच्या वैशाखात अंडी उन्हानेच नासतात.

३. मानमोडी आली म्हणजे एका रात्रीत खुराडे रिकामे होते. पिलू आठवड्याचे झाले की लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस टोचून घ्यावी. देवीची लसही द्यावी. आळीतल्या चार घरांनी एकाच दिवशी लस घेतली तर कुपी वाया जात नाही. लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणावी. खिशात आणलेली लस म्हणजे नुसते पाणी.

४. खुराडे जमिनीपासून हातभर उंच असावे. मुंगूस आणि मांजर यांच्यापुढे कच्चे दार टिकत नाही. कोपऱ्यात चुलीची राख ठेवावी. तिच्यात लोळून कोंबड्या आपल्या उवा आपणच झाडतात.

५. कीटकनाशक मारलेल्या रानात कोंबड्या सोडू नयेत. बेणेप्रक्रियेचे उरलेले पाणी त्यांच्या वाटेवर ओतू नये. औषधाच्या रिकाम्या डब्यात त्यांना पाणी तर कधीच ठेवू नये.

६. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नयेत, विकू नयेत, ओढ्यात फेकू नयेत. लगेच दवाखान्यात कळवावे. २००६ साली नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे बर्ड फ्लू आला होता, हे विसरू नये.

उसाचाही यात फायदा आहे. नांगरटीमागे कोंबड्या सोडल्या की वर आलेली हुमणी त्या वेचून खातात. सगळी हुमणी त्यांनी संपत नाही, पण जेवढी कमी होईल तेवढी बरी. कोंबडीखत नत्राने समृद्ध असते. ते ताजे घालू नये, मुळ्या पोळतात. पाचट जाळण्याऐवजी सरीत ठेवून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस आपण नेहमी सांगतो. खड्ड्यात पाचट कुजवणार असाल तर थरांमध्ये कोंबडीखत मिसळावे.

हाताला काम, घराला वस्तू

आपल्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या घड्या घालून, धावदोरा टाकून गोधड्या शिवल्या. मराठवाड्यात असे घर नसेल की ज्यात गोधडीखाली लहानाचे मोठे झालेले कोणी नाही. आज तीच माउली सुताचे मऊ लुगडे भांडेवालीला देते आणि हिवाळ्यात हप्त्याने ब्लँकेट घेते. सुती गोधडी धुता येते, उसवली तर पुन्हा शिवता येते आणि शेवटी फाटली तरी जनावराच्या अंगावर झूल म्हणून जाते.

पुरुषांनाही काम आहे. ज्वारी-तुरीच्या कडेने अंबाडीचे एक तास पेरावे. कोवळा पाला भाजीला होतो. फुलावर आली की कापून पेंढ्या दहा-पंधरा दिवस पाण्यात भिजत घालाव्यात, मग साल सुटते. पिण्याच्या विहिरीत मात्र घालू नये, पाणी नासते. त्या वाखाची दावी आणि कासरे वळावेत. तुराट्या सगळ्या चुलीत न घालता काही निवडून ठेवल्या तर डालगे किंवा खुराड्याचा कूड होतो. ही विद्या ज्यांना येते ते म्हातारे अजून पारावर बसलेले आहेत. पुढे वळून दाखवायला कोणी राहणार नाही. सुट्टीत नातवंडांना त्यांच्याजवळ बसवावे.

प्रत्येक वस्तू विकलीच पाहिजे असे नाही. जी विकत आणावी लागली नाही ती कमाईच. पण विकायची असेल तर बाजार आहे. उमेद अभियानातल्या बचत गटांचा माल मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात जातो. तेथे शहरातली माणसे हाताने शिवलेली गोधडी कौतुकाने घेतात.

ही वाट जुनीच आहे. १९३४ साली महात्मा गांधींनी वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला. जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, ताडगूळ असे उद्योग तेथे शिकवले जात. १९५० साली विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावाचून, स्वतःच्या कष्टावर आश्रम चालवून पाहिला. आपण संसारी माणसे. आपल्याला कांचनमुक्त व्हायचे नाही, उधारीमुक्त झालो तरी पुष्कळ आहे.

वाचवले ते कमावले

आता वहीचे गणित करू. वीस हजारांची उधारी शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने वर्षभर राहिली तर व्याजच सात हजार दोनशे होते. वर आपण तीनशे अंड्यांचे तीन हजार धरले होते. म्हणजे सातशे वीस अंड्यांचा पैसा नुसता व्याजात गेला! कोंबड्या पाळून मिळवायचे आणि उधारीत घालवायचे, तर कोंबड्या सावकाराच्या झाल्या.

गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) गावोगाव झाडू मारीत हेच सांगितले की ऋण काढून सण करू नका, लग्नात कर्ज करू नका. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि अजून उभ्या असलेल्या उसाच्या भरवशावर मंडप ठरवतो. ऊस गव्हाणीत पडण्याआधीच बिल खर्च झालेले असते. लग्न करू नका असे कोण म्हणेल? पण हातात असलेल्या बिलात करा, येणाऱ्या बिलात नको. सामुदायिक विवाहात कमीपणा नाही.

थेंबे थेंबे तळे साचे, यावर तर आपली सहकारी साखर कारखानदारीच उभी आहे. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना सुरू झाला, तो विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून आणि साध्या शेतकऱ्यांनी गोळा केलेल्या भागभांडवलावर. पुढे १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याची योजना सुरू केली, तिच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे.

अंड्याचा पैसा बाईचा

एक शेवटचा मुद्दा पुरुष सभासदांसाठी. उसाचे बिल बहुतेक घरांत कर्त्या पुरुषाच्या खात्यावर जमा होते. खुरपणी, पाणी, जनावरे यांत घरच्या बाईचे कष्ट असतात, पण काटापावतीवर तिचे नाव नसते. अंडी-कोंबडीचा पैसा मात्र आपल्याकडे पूर्वीपासून बाईचा मानला गेला आहे. तो तिच्याच हाती राहू द्या. मागून घेऊ नका, ‘उसना’ म्हणूनही नको. लेकीची फी असो की सुनेचे औषध, बाईच्या हातचा पैसा आधी तिथेच जातो. तो तिच्या गटाच्या खात्यात भरला तर अडचणीत तिला कमी व्याजाचे कर्जही मिळते. असा पैसा जिच्या हाती आहे, ती दुकानदारापुढे मान खाली घालत नाही.

उसाची नोंद देताना आपण लागणीची तारीख, जात, क्षेत्र अगदी गुंठ्यापर्यंत सांगता. तशीच एक वही घरखर्चासाठी घालावी. डाव्या बाजूला रोखीने घेतलेले, उजव्या बाजूला उधार. वर्षभराने दोन्हींच्या बेरजा करून पाहाव्यात. लसीकरणासाठी आळीतल्या चार घरांची यादी करून आपल्या गटाच्या चिटबॉयजवळ दिलीत तर ती दवाखान्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करता येईल. हंगामाची मोळी पडण्याआधी खुराडे तयार असावे. उबवणीला हिवाळ्यासारखा दुसरा काळ नाही.

— ऊस विकास अधिकारी