एकच नॅस, सगळे सर्व्हर: अंबडच्या वर्कशॉपला काय सांगितलं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा ज्यांचे इअरफोन्स नेहमीप्रमाणे हरवलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना दहा वेळा आलेलं "म्हणजे बघा" काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच.

आजचा विषय एका मित्राच्या बाबांमुळे सुचला. नाशिकला अंबड एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवतात. ऑफिसात एक सर्व्हर, आणि त्या एका मशिनवर सहा व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे व्हीएम. एकावर टॅली, एकावर ड्रॉइंगच्या फाइल्स, एकावर हजेरीचं सॉफ्टवेअर, असं सगळं.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी त्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. डेटा शाबूत होता, पण बंद मशिनच्या पोटात अडकलेला. माल भरलेला टेम्पो गेटवर उभा, टॅली उघडेना म्हणून बिल निघेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी सुटली. गिऱ्हाइकाची लाइन थांबायची वेळ आली होती, आणि अशी वेळ दोनदा आली की ऑर्डर दुसरीकडे जाते.

मग कोटेशन आलं: दोन सर्व्हर आणि मध्ये एक नॅस. "सगळे व्हीएम नॅसवर ठेवा, एक सर्व्हर गेला तरी दुसरा आहेच." काकांनी मला फोन केला, "घेऊ का रे?"

मी एवढंच विचारलं, "काका, नॅसच गेला तर?"

गच्चीवरची टाकी

शेअर्ड स्टोरेज म्हणजे सोसायटीच्या गच्चीवरची टाकी समजा. आधी प्रत्येक घरात स्वतःचा ड्रम होता, आता सगळ्यांना एकाच टाकीतून पाणी. फायदा मोठा आहे. व्हीएमची डिस्क ही शेवटी एक मोठी फाइलच असते. ती दोन्ही सर्व्हरना दिसणाऱ्या जागी असली, की पहिला सर्व्हर बंद पडल्यावर तोच व्हीएम दुसऱ्यावर नव्याने बूट होतो. दोन-चार मिनिटं जातात, बास. शिवाय दुरुस्तीसाठी एखादा सर्व्हर बंद करायचा असेल, तर चालू व्हीएम न थांबवता दुसरीकडे सरकवता येतो.

पण टाकीलाच तडा गेला तर? गंगापूर धरण काठोकाठ भरलेलं असलं, तरी तुमच्या अख्ख्या बिल्डिंगच्या नळाला थेंब नाही. स्वस्त नॅसमध्ये मदरबोर्ड एक, कंट्रोलर एक, बऱ्याचदा पॉवर सप्लायही एक. म्हणजे काकांचा मूळ प्रश्न सुटला नव्हता. तो एका पेटीतून दुसऱ्या पेटीत गेला होता.

पाइप आणि पंप

नॅस घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी बघा. पहिली, बोलायची भाषा. एनएफएस ही सन मायक्रोसिस्टम्सने १९८४ मध्ये आणलेली पद्धत. तिच्यात सर्व्हरला फाइल्स दिसतात आणि फाइल सिस्टिम नॅस सांभाळतो. आयस्कझीचं स्टँडर्ड २००४ चं. त्यात सर्व्हरला नेटवर्कवरून थेट कोरी डिस्क दिसते आणि ती सांभाळायची जबाबदारी सर्व्हरवर येते. ती एकच डिस्क दोन सर्व्हरनी साध्या फाइल सिस्टिमने उघडली, तर दोघं एकमेकांवर लिहून डेटाचा चिवडा करतात. त्यासाठी वेगळी क्लस्टरची व्यवस्था लागते. दोन सर्व्हरच्या ऑफिसात आयटीवाला पूर्णवेळ नसेल, तर एनएफएस सोपं.

दुसरी गोष्ट, वेग. सगळे नेटवर्कचा वेग विचारतात. एक गिगाबिटच्या केबलमधून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, आणि सहा साध्या व्हीएमना एरवी ते पुरतं. खरी अडचण डिस्कची. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क एक फेरी साधारण ८ मिलिसेकंदांत घेते. हवी ती जागा खाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४, आणि हेड सरकायला आणखी ८-९. एका कामाला १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ८० कामं. संपली ताकद.

आता अशा चार डिस्क रेड ५ मध्ये लावा. रेड ५ मध्ये प्रत्येक छोट्या लिखाणाला चार कामं पडतात: जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही. चार डिस्कची ३२० कामं भागिले चार, म्हणजे पुन्हा ८०! चार डिस्कचे पैसे आणि लिहिण्याचा वेग एकीचा. रेड १० मध्ये एका लिखाणाला दोनच कामं, म्हणून १६०. आणि साधी एसएसडीसुद्धा अशी हजारो कामं करते. सकाळी नऊला सगळे एकदम लॉगिन करतात, मागे अँटीव्हायरस चालू असतो, तेव्हा "नेटवर्क स्लो आहे" अशी ओरड होते. बिचाऱ्या नेटवर्कचा काही दोष नसतो.

मग काकांना काय सांगितलं?

टाकी नको. दोन्ही घरांत चांगले ड्रम ठेवा आणि एकाचं पाणी दुसऱ्यात सतत ओतत राहा. प्रत्येक सर्व्हरमध्ये स्वतःच्या एसएसडी, आणि व्हीएमची प्रत ठरावीक वेळाने दुसऱ्या सर्व्हरवर. प्रॉक्समॉक्समध्ये झेडएफएस वापरून ही सोय फुकट मिळते. न बदलता ठेवलं तर दर १५ मिनिटांनी प्रत जाते, हवं तर दर मिनिटाला करता येते.

यातला तोटाही सांगतो. सर्व्हर अचानक गेला, तर शेवटच्या प्रतीनंतरचं काम गेलं. काकांना विचारलं, "पंधरा मिनिटांची टॅलीची एन्ट्री परत करावी लागली तर?" ते म्हणाले, "अरे, दीड दिवस बसलो होतो आम्ही!" झालं, उत्तर मिळालं.

एक बारीक गोष्ट विसरू नका. दोनच सर्व्हर असले आणि त्यांच्यातली केबल निघाली, तर दोघांनाही वाटतं समोरचा मेला. एकच व्हीएम दोन्हीकडे चालू होऊ नये म्हणून तिसरं मत लागतं. ते द्यायला साधा रास्पबेरी पायसुद्धा चालतो.

नॅस मग कशाला?

बॅकअपला! रेड म्हणजे बॅकअप नाही, आणि प्रतही बॅकअप नाही. कुणी फाइल उडवली, तर पंधरा मिनिटांत ती दुसरीकडूनही उडते. म्हणून काकांनी नॅस घेतला, पण रोज रात्रीच्या बॅकअपसाठी. आणि तो इंटरनेटला उघडा ठेवलेला नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवरून दिसणारे क्यूनॅपचे नॅस लॉक करून खंडणी मागितली होती. त्यामुळे आठवड्याला एक डिस्क काढून काका घरी कपाटात ठेवतात. तुमची नोंदणी कंपनी म्हणून असेल, तर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं २०२२ पासून नियमानेच बंधनकारक आहे.

यूपीएस दोन्ही सर्व्हरना, स्विचला आणि नॅसलाही. बॅटरी संपत आली की मशिन स्वतःहून नीट बंद होतील अशी केबल जोडून सेटिंग करा. लिहिता लिहिता लाइट गेली, तर महागडी डिस्कही वाचवत नाही.

शेअर्ड स्टोरेज कधी घ्यायचं?

एका मिनिटाचाही डेटा जाऊन चालणार नसेल, सर्व्हर तीन-चार किंवा जास्त असतील, आणि दोन कंट्रोलर, दोन पॉवर सप्लाय, दोन स्विच असलेली पेटी परवडत असेल, तेव्हा जरूर घ्या. तीन सर्व्हर आणि १० गिगाबिटचं नेटवर्क असेल, तर सेफही बघता येईल. त्यात स्टोरेज सगळ्या सर्व्हरवर पसरलेलं असतं.

पण कोटेशनवर सही करण्याआधी तीन प्रश्न कागदावर लिहा. किती तास बंद राहिलेलं चालेल? किती मिनिटांचं काम परत करायची तयारी आहे? आणि यातली प्रत्येक पेटी, एकेक करून, बंद पडली तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाला विक्रेता गप्प बसला, तर तुम्हीही पेन खाली ठेवा.

काकांनी सेटअप झाल्यावर एका शनिवारी, सगळ्यांसमोर, एका सर्व्हरची वायर स्वतः ओढली. आमचा श्वास अडकलेला. चार मिनिटांनी दुसऱ्यावर टॅली उघडलं. काका म्हणाले, "चला, आता चहा." तुम्हीही ही परीक्षा घ्या, पण टेम्पो गेटवर उभा नसताना!

तुमच्या ऑफिसात काय सेटअप आहे ते कळवा. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत बॅकअप घेत राहा!