बोलका संगणक मुका होतो तेव्हा

‘तुम्हाला दिसत नाही, मग तुम्ही संगणक कसा चालवता?’ प्रवासात शेजारी बसलेला माणूस मला हा प्रश्न हमखास विचारतो. उत्तर सोपं आहे. तुम्ही पडदा बघता, मी तो ऐकतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यातला एनव्हीडीए हा विनामूल्य असल्यामुळे आपल्याकडे खूप वापरला जातो. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली त्याची सुरुवात केली. बँकेतला कारकून, कॉलेजातली विद्यार्थिनी, घरी बसून पेपर ऐकणारे आजोबा, सगळ्यांना तो चालतो.

पण एखाद्या सकाळी संगणक सुरू करावा आणि आवाजच येऊ नये, असं होतं. रात्री कुठलं तरी अपडेट झालेलं असतं. डोळस माणसाच्या संगणकात बिघाड झाला, तर निदान सूचना तरी पडद्यावर दिसते. आमची सूचना वाचणाराच गप्प झालेला असतो. मग शेजाऱ्याला हाक मारा, नाही तर मुलगा घरी येईपर्यंत थांबा. मी दृष्टिहीन मुलांना संगणक शिकवतो, म्हणून असे फोन मला नेहमी येतात. माझं सांगणं एवढंच असतं, की घाबरू नका. बहुतेक वेळा काही मोडलेलं नसतं, साखळीतली एखादी कडी निसटलेली असते. ती कोणती हे कानांनी शोधता येतं.

ही साखळी चार कड्यांची. पहिली कडी म्हणजे आपण वापरतो तो प्रोग्राम. दुसरी स्क्रीन रीडर. तो पडद्याचा फोटो काढत नाही. तो प्रोग्रामला विचारतो, ‘आत्ता कर्सर कुठं आहे? हे बटण आहे की चौकट? त्याचं नाव काय?’ आलेलं उत्तर तो तिसऱ्या कडीला, म्हणजे अक्षरांचा उच्चार करणाऱ्या आवाजाच्या सॉफ्टवेअरला देतो. चौथी कडी स्पीकर किंवा हेडफोन. अपडेट यातल्या कुठल्याही कडीचं होऊ शकतं.

गेल्या वर्षी स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ‘सर, काहीच बोलत नाही हो!’ आवाजात रडू होतं. आम्ही शेवटच्या कडीपासून उलटं निघालो.

प्रथम स्पीकर. विंडोजमध्ये नॅरेटर नावाचा त्याचा स्वतःचा वाचक असतो. विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की तो सुरू होतो. नॅरेटरही गप्प असेल, तर दोष ध्वनीचा आहे. आवाज बंद झाला असेल, किंवा अपडेटनंतर तो दुसऱ्याच उपकरणाकडे वळला असेल. नॅरेटर बोलला, तर स्पीकर ठीक आहे. त्याच कळा पुन्हा दाबून त्याला बंद करावं, नाही तर पुढे दोघंही एकदम बोलू लागतात. तिच्याकडे नॅरेटर बोलला. अर्धी भीती तिथंच गेली.

मग कंट्रोल, आल्ट आणि एन दाबून एनव्हीडीए पुन्हा सुरू करायचा. सुरू होताना तो चढत्या सुरांची छोटी धून वाजवतो. धून वाजली पण बोलणं नाही, तर एनव्हीडीए जागा आहे, अडचण आवाजाच्या कडीत आहे. कधी कधी तर चुकून इन्सर्ट आणि एस दाबलं गेल्यामुळे बोलणं बंद झालेलं असतं. त्याच कळा थांबत थांबत पुन्हा दाबल्या की ते परत येतं.

तेही नसेल, तर संशय अ‍ॅड-ऑनवर घ्यावा. अ‍ॅड-ऑन म्हणजे इतरांनी तयार केलेली जोडसॉफ्टवेअरं. अनेकांचे आवडते आवाजही अशाच जोडातून आलेले असतात. एनव्हीडीएच्या आवृत्त्यांना सालावरून नाव असतं, २०२४.१, २०२४.२ असं. वर्षाची पहिली आवृत्ती येते तेव्हा आतली रचना बदलते आणि जुने जोड नव्या आवृत्तीत बसेनासे होतात. म्हणून इन्सर्ट आणि क्यू दाबायचं, खालच्या बाणाची कळ दोनदा दाबायची आणि एंटर. यामुळे एनव्हीडीए सगळे जोड बाजूला ठेवून नव्यानं सुरू होतो. तिचा संगणक इथं बोलला! आवाज ओळखीचा नव्हता, जरा यंत्रासारखा होता. पण अर्ज भरायला तेवढा पुरला, आणि तो तिनं स्वतः भरला. नंतर एकेक जोड तपासून जुना पडलेला आवाज तिनं बदलून घेतला.

दुसऱ्या प्रकारचा बिघाड म्हणजे आवाज आहे, पण ब्राउझरमध्ये जाल तिथं ‘अज्ञात, अज्ञात’ एवढंच ऐकू येतं. एखादं सॉफ्टवेअर घातल्या-काढल्यावर विंडोजमधल्या काही नोंदी विस्कटतात, आणि प्रोग्रामकडून येणारं उत्तर स्क्रीन रीडरपर्यंत पोचत नाही. त्यासाठी एनव्हीडीएच्या साधनांच्या यादीत कॉम नोंदणी दुरुस्त करणारं साधन दिलेलं आहे. ते चालवून संगणक पुन्हा सुरू करावा.

मराठी मजकुराबाबत एक सांगायला हवं. फाइल उघडली आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी ऐकू आली, तर तो अपडेटचा दोष नव्हे. तो मजकूर युनिकोडऐवजी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. डोळ्यांना तिथं मराठी दिसते, संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच. तो युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच उपाय.

आणि बाकी सगळं नीट वाचलं जातं, फक्त एकाच अ‍ॅपमध्ये ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येतं, तर आपला संगणक निर्दोष आहे. त्या अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीत बटणांना नावं द्यायची राहिली आहेत. घर तेच, पण दारावरची पाटी कुणी तरी काढून नेली. अशा वेळी कर्त्यांना कळवावं. कुठली आवृत्ती, कुठल्या पानावर, कुठली कळ दाबल्यावर, हे नेमकं लिहावं. इन्सर्ट आणि एफ १ दाबल्यावर एनव्हीडीएची नोंदवही उघडते, तिच्यातल्या ओळी उपयोगी पडतात. मात्र पाठवण्याआधी त्यात काही खासगी गेलेलं नाही ना, ते ऐकून घ्यावं.

पाणी येण्याआधी बंधारा घालावा, तशी थोडी तयारी आधी करता येते. एनव्हीडीएची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवता येते. ती संगणकात न बसवताही चालते. संगणकातली प्रत अपडेट केली, तरी ही आठवडाभर जुनीच राहू द्यावी. आणि परीक्षेच्या किंवा मुदतीच्या आदल्या दिवशी काहीही अपडेट करू नये.

शेवटी डोळस वाचकांशी दोन शब्द. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. न्यायालयानं हक्क दिला, पण तो रोजच्या रोज सांभाळायचा कुणी? तुमच्या कचेरीत स्क्रीन रीडर वापरणारा सहकारी असेल, तर सगळ्या संगणकांवर नवी आवृत्ती घालण्याआधी ती त्याच्या एका संगणकावर घाला. अर्धा तास त्याला काम करू द्या आणि विचारा, ‘बोलतोय ना?’ तो हो म्हणाला, की मग बाकीच्यांकडे वळा.