आष्टीचा साबळे आणि अडथळ्यांची शर्यत

१९८१ साली टोकियोत गोपाल सैनी ३,००० मीटर स्टीपलचेसची शर्यत ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांत धावले. हा भारतीय विक्रम पुढची सदतीस वर्षं कुणाला हलवता आला नाही. या काळात देशात किती सरकारं आली आणि गेली, एकदिवसीय क्रिकेटचे दोन विश्वचषक आपल्याकडे आले, पण हा आकडा जागचा हलला नाही. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत तो मोडला. मोडणारा होता बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश मुकुंद साबळे. वेळ ८:२९.८०.

एकदा मोडून गडी थांबला नाही. २०१९ ला पतियाळात ८:२८.९४. त्याच वर्षी दोहात तीन दिवसांच्या अंतराने ८:२५.२३ आणि ८:२१.३७. २०२१ मध्ये ८:२०.२० आणि टोकियो ऑलिंपिकला ८:१८.१२. २०२२ मध्ये तिरुवनंतपुरम, रबात आणि बर्मिंगहॅम अशा तीन ठिकाणी मिळून ८:११.२० पर्यंत. आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विक्रम, आणि पहिली खेप सोडली, तर प्रत्येक वेळी आधीचा स्वतःचाच. सैनींची १९८१ ची शर्यत आणि साबळेची २०२४ ची शर्यत एकाच मैदानावर एकाच वेळी झाली असती, तर साबळे रेषेवर पोचला तेव्हा सैनी जवळजवळ सव्वाशे मीटर मागे असते.

हे झालं कसं, आणि बीडसारख्या जिल्ह्यातून झालं कसं, याचा शोध घेतला की खेळापेक्षा जास्त आपल्या व्यवस्थेविषयी कळतं.

साडेसात फेऱ्यांचा हिशेब

आधी ही शर्यत समजून घेऊ. ४०० मीटरच्या मैदानावर सुमारे साडेसात फेऱ्या. वाटेत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेच्या आसपास. ११० मीटर हर्डल्समधला अडथळा पाय लागला की आडवा होतो. इथला होत नाही. तो ऐंशी ते शंभर किलोचा जाड लाकडी दांडा असतो. त्याला गुडघा लागला तर पडायचं धावणाऱ्यानेच.

पाण्याची उडी त्याहून अवघड. दांड्यापलीकडे पाण्याचा खड्डा, लांबी ३.६६ मीटर. दांड्याच्या पायथ्याशी खोल, पुढे तळ चढत जाऊन मैदानाला मिळतो. म्हणून जितकी लांब उडी, तितकं पाणी उथळ. बहुतेक धावपटू एक पाय दांड्यावर रोवतात, अंग खाली ठेवून पुढे ढकलतात आणि एकच पाय पाण्याच्या कडेला टेकवून बाहेर पडतात. पहिल्या फेरीत हे सोपं दिसतं. सातव्या फेरीत पोटऱ्या भरून आलेल्या असतात, बुटात पाणी असतं आणि पुढच्याच्या पाठीमुळे दांडा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत जागतिक विक्रमवीर इथिओपियाचा लमेचा गिरमा शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडखळून पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं.

या शर्यतीवर केनियाची सत्ता होती. १९६८ ते २०१६ या काळात केनिया ज्या ज्या ऑलिंपिकला गेला, तिथलं पुरुष स्टीपलचेसचं सुवर्ण त्यानेच आणलं. १९७६ आणि १९८० ला तो गेलाच नव्हता. ही मालिका तोडली मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने, टोकियोत.

फौज हाच क्लब

अविनाशचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. घरची कोरडवाहू शेती, आई-वडील वीटभट्टीवर कामाला. शाळा सहा किलोमीटरवर, एसटीची सोय नाही, म्हणून पोरगं कधी चालत, कधी पळत जायचं. ही गोष्ट आता सगळ्या वृत्तपत्रांनी छापून गुळगुळीत केली आहे. पण आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात ती काही नवलाची नाही. बालाघाटच्या उतारावरचा हा मुलूख पर्जन्यछायेचा. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मागे राहिलेली लेकरं आजी-आजोबांजवळ. शाळेपर्यंत पळत जाणारी पोरं इथे वस्तीवस्तीवर भेटतील.

बारावीनंतर अविनाशने तेच केलं, जे इथली शेकडो मुलं करतात: तो भरतीला उभा राहिला. पहाटे बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही डांबरी रस्त्याने जा, सोळाशे मीटरची तयारी करणारी पोरं हमखास दिसतात. पोलीस किंवा मिलिटरी, या दोनच दारांकडे त्यांचे डोळे लागलेले असतात. अविनाश महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाला. १९४१ मध्ये बेळगावला उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटमागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठपुरावा होता. अविनाशच्या वाट्याला आधी सियाचिनचा बर्फ, मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. मोठ्या शर्यतींच्या वाटेला तो लागला २०१५ मध्ये, लष्करांतर्गत क्रॉस कंट्रीतून.

क्लब खेळाडू कसा घडवतो, हे कळायला इथे थोडं युरोपच्या फुटबॉलकडे पाहू. युक्रेनचा गाजलेला स्ट्रायकर आंद्रे शेवचेन्को नऊ वर्षांचा असताना डायनॅमो कीव्हच्या बाल संघात आला. ड्रिब्लिंगच्या परीक्षेत तो एकदा नापास झालेला. पण क्लबच्या एका प्रशिक्षकाच्या नजरेत भरला. १९९४ मध्ये, म्हणजे मांडव्यात अविनाश जन्मला त्याच वर्षी, अठराव्या वर्षी तो डायनॅमोच्या मुख्य संघातून खेळू लागला. पुढे एसी मिलान, २००३ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी, २००४ मध्ये बॅलन डी'ओर. त्याच्या गुणांना नऊ वर्षांचं शिस्तशीर खतपाणी मिळालं होतं. ज्या वयात शेवचेन्को डायनॅमोचा गोल करणारा खेळाडू म्हणून ओळखला जात होता, त्या वयात साबळे सियाचिनवर पहारा देत होता.

साबळेने स्टीपलचेस धरली ती २०१७ मध्ये, बाविसाव्या वर्षी. लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला या शर्यतीकडे वळवलं. वजन वाढलेलं होतं; तीन महिन्यांत त्याने वीसेक किलो उतरवलं. वर्षभरात सैनींचा विक्रम गेला. पुढे राष्ट्रीय शिबिरात बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडे तो काही काळ होता, पण ती पद्धत मानवेना म्हणून पुन्हा अमरीश कुमारांकडे परतला. नंतर अमेरिकेत स्कॉट सिमन्स यांच्या हाताखाली कोलोरॅडोच्या उंचावर सराव केला.

पाच शतांश सेकंद

२०१९ ची दोहाची जागतिक स्पर्धा ही त्याची खरी ओळख. प्राथमिक फेरीत त्याच्यापुढचा इथिओपियाचा धावपटू अडथळ्यावर पडला आणि साबळेला जवळपास थांबावं लागलं. सावरून धावतोय तोच पुन्हा अडवणूक झाली. एवढं होऊनही वेळ राष्ट्रीय विक्रमाची होती, पण अंतिम फेरीत जागा नव्हती. भारतीय संघाने दाद मागितली, चित्रफिती तपासल्या गेल्या आणि त्याला सोळावा धावपटू म्हणून घेण्यात आलं. अंतिम शर्यतीत तो तेरावा आला आणि ऑलिंपिकची पात्रता घेऊन परतला. १९५२ च्या हेलसिंकीत गुलजारा सिंग धावले होते. त्यानंतर ऑलिंपिकच्या या शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय पुरुष साबळेच.

मग ६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९४ नंतर या शर्यतीचं एकही पदक केनियाबाहेर गेलं नव्हतं. शेवटच्या फेरीत पुढे केनियाचेच धावपटू. साबळे एकेकाला गाठत आला आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात अब्राहम किबिवोटच्या खांद्याशी पोचला. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. सुवर्ण पाच शतांश सेकंदांनी हुकलं, पण अठ्ठावीस वर्षांची मक्तेदारी मोडली. पुढच्याच महिन्यात नगरहून आष्टीला पहिली प्रवासी रेल्वे आली. परळीपर्यंतच्या त्या लोहमार्गाला मंजुरी मिळाली होती १९९५ मध्ये, अविनाश पाळण्यात असताना.

२०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. टीका झाली. पाच-सहा आठवड्यांत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ८:१९.५० चा स्पर्धा विक्रम करून त्याने सुवर्ण घेतलं. या शर्यतीचं आशियाई क्रीडा सुवर्ण जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष. ५,००० मीटरचं रौप्यही आणलं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुषही तोच, तिथे ८:१४.१८ वेळेसह अकरावा. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियात आशियाई अजिंक्यपद मिळालं आणि जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत गुडघा गेला. लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

उशिराची किंमत

बीडला खेळाडूंचा दुष्काळ कधीच नव्हता. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचं सुवर्ण घेऊन आला, पुढच्या वर्षी नूर-सुलतानला जागतिक कांस्य. पण तो घडला पुण्याच्या तालमीत, हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्या हाताखाली. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून हरत चाललेला सामना ओढून आणला. कुस्तीला तालीम आहे, क्रिकेटला पैसा आहे. लांब पल्ल्याच्या धावण्याला इथे काय आहे? भरतीचं मैदान, एवढंच.

लष्कराचं ऋण मोठं आहे आणि ते मान्य करायला हवं. पण भरती ही नोकरीसाठी असते, गुण हेरण्यासाठी नव्हे. तिथे छातीचा घेर, वजन, सोळाशे मीटर पाहतात. पोरगं आठ हजार मीटर कसं पळेल हे विचारत नाहीत. साबळेला एक क्रॉस कंट्री आणि एक जाणता प्रशिक्षक भेटला. ज्यांना ते भेटले नाहीत, ती मुलं शिपाई झाली, ड्रायव्हर झाली किंवा कोयता घेऊन फडावर गेली. त्यांच्या वेळा कुणीच टिपल्या नाहीत. साबळेलाही शिस्तशीर प्रशिक्षण पाच-सात वर्षं उशिरा लाभलं. बर्मिंगहॅमचे पाच शतांश त्या वर्षांत सापडले असते की नाही, हा वाद घालण्यात अर्थ नाही. पण पाण्याच्या उडीचं तंत्र सोळाव्या वर्षी शिकणं आणि बाविसाव्या वर्षी शिकणं यात फरक पडतो, हे कुठलाही प्रशिक्षक सांगेल.

यासाठी कोट्यवधींचं संकुल लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने सहावी ते दहावीच्या मुलामुलींना वर्षातून दोनदा हजार मीटर पळवावं आणि वेळ वहीत लिहावी. तालुक्याने त्या वह्या गोळा कराव्यात, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी त्यातली पहिली वीस नावं काढून त्यांना वसतिगृह आणि प्रशिक्षक द्यावा. ऊसतोडीच्या हंगामात घर बंद असणाऱ्या मुलांना आधी. आष्टीच्या एखाद्या वाचकाच्या गावात शाळा असेल, तर त्याने येत्या प्रजासत्ताक दिनी भाषणांनंतर मुलांना पळवून पाहावं आणि सोबत एक स्टॉपवॉच न्यावं.