शोषखड्ड्याआधी जमिनीची टेस्ट कशी कराल?

गावी घर बांधायचं ठरल्यावर मी टँकच्या लिटरऐवजी आधी माती बघितली. कारण सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी काही स्वच्छ नसतं. त्यातले जंतू अडवायचं काम शोषखड्ड्याभोवतीची माती करते.

टेस्ट सोपी आहे. शोषखड्ड्याच्या खोलीइतका, वीतभर रुंद खड्डा घ्या. तळाला थोडी खडी टाका, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. हे टाळू नका: कोरडी काळी माती भेगांमुळे पाणी गटागटा पिते, फुगल्यावरच खरा आकडा दिसतो. सकाळी खडीवर 15 सेंमी पाणी ठेवा आणि 25 मिमी उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. आयएस 2470 नुसार 30 मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालतो. 60 च्या वर गेलं तर नाद सोडा.

कोकणातल्या जांभ्यात उलटं. पाणी भसाभस जातं, गवंडी खूश! मला हाच रिझल्ट जास्त खटकतो. जांभ्याच्या पोकळ्यांतून पाणी न गाळताच विहिरीत पोचू शकतं. मानकातलं 18 मीटर अंतर तिथे मी अगदी किमान समजतो, आणि विहिरीच्या वरच्या उतारावर खड्डा नकोच.

शिवाय मे महिन्यातली टेस्ट म्हणजे ट्रॅफिक नसताना तपासलेला सर्व्हर. ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी जमिनीपासून किती फुटांवर असतं, ते शेजाऱ्यांना विचारा. त्या पातळीच्या वर खड्ड्याचा तळ किमान दोन मीटर हवा. तेवढी जागा नसेल तर खोल खड्ड्याऐवजी भराव घालून उथळ चर काढा.