घरच्या सिनेमासाठी लॅपटॉप घेताय?

तुमच्या मोबाईलमध्ये आत्ता किती व्हिडिओ पडून आहेत? ताईच्या हळदीचे, लडाखच्या बाइक ट्रिपचे, विसर्जनाला लक्ष्मी रोडवर रात्रभर जागून काढलेले. आणि हो, मोदकाच्या कळ्या कशा पाडायच्या हे आजी दाखवतेय, तो पण! 'एकदा निवांत बसून एडिट करू' म्हणत आपण ते सगळं साठवत जातो. मग बोनस होतो आणि लॅपटॉपचा किडा डोक्यात शिरतो.

आमच्या ऑफिसात दिवाळीच्या आसपास कुणी ना कुणी मला गाठतंच. "अगं, आय-सेव्हनच घेऊ ना? सेल्समन म्हणतो, एडिटिंगला तोच लागतो." माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी तुझं फुटेज दाखव, मग लॅपटॉपचं बोलू! महिना-दोन महिन्यांचा पगार जाणार, वर वर्षभर ईएमआय. स्टिकर बघून कसं चालेल?

आधी फुटेज बघा

फोनचं सेटिंग उघडा. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख पिक्सेल असतात, फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख. म्हणजे काम चौपट. त्यात बरेच फोन जागा वाचवण्यासाठी एच.२६५ फॉरमॅटमध्ये शूट करतात. यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जात नाही. बहुतेक फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, एवढंच लिहिलेलं असतं. नुसता व्हिडिओ बघताना हे सुरळीत चालतं. पण एडिटिंग म्हणजे सतत मागे-पुढे उड्या. दर उडीला लॅपटॉपला ती फ्रेम नव्याने जुळवावी लागते आणि टाइमलाइन अडखळते.

हे काम चिपमधला एक खास भाग करतो. इंटेलमध्ये तो 'क्विक सिंक' नावाने २०११ पासून आहे, अॅपलच्या एम चिप्समध्येही आहे. म्हणून अलीकडचा कुठलाही बरा लॅपटॉप फोनच्या क्लिप्स पेलतो. मिररलेस कॅमेऱ्यावर '१०-बिट ४:२:२' शूट करत असाल तर मात्र सावध! हा प्रकार एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांना हार्डवेअरमध्ये जमायला लागला तो थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बिल्ट-इन ग्राफिक्सला तो आधीपासून जमतो. महाग कार्ड म्हणजे सगळं आलं, असं नाही.

आता तो आय-सेव्हन. इंटेलच्या चिपच्या नावातलं शेवटचं अक्षर वाचा. 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारी, 'एच' म्हणजे जोर लावणारी. लांबलचक एक्स्पोर्टमध्ये 'एच'चा आय-फाइव्ह 'यू'च्या आय-सेव्हनला मागे टाकू शकतो.

पैसे कुठे घालायचे?

रॅममध्ये. १६ जीबीच्या खाली उतरू नका. फुकट मिळणारं आणि व्यावसायिक एडिटरही वापरतात ते 'डाविंची रिझॉल्व्ह' विंडोजवर तेवढी मागतंच. बऱ्याच स्लिम लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, मॅकबुकमध्ये तर नंतर वाढवताच येत नाही. त्यामुळे जे घ्याल ते पहिल्याच दिवशी.

मग स्टोरेज. आयफोनवर फोर-के, ३० फ्रेमचं शूटिंग मिनिटाला सुमारे १७० एमबी खातं, म्हणजे तासाला १० जीबी. घरच्या लग्नाचं सहा-आठ तासांचं फुटेज असेल तर हिशोब तुम्हीच करा! एक टीबी एसएसडी उत्तम, नाहीतर ५१२ जीबी आणि सोबत एक्स्टर्नल एसएसडी.

बाबांच्या हॅंडीकॅमच्या मिनी-डीव्ही टेप काढायच्या असतील तर त्या तासाला १३ जीबी होतात. पण त्यांना लागणारं फायरवायर पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नसतं. टेप्स आधी एखाद्या स्टुडिओतून फाइलमध्ये उतरवून घ्या.

स्क्रीनवर कंजूषी नको. स्पेसिफिकेशनमध्ये '४५ टक्के एनटीएससी' दिसलं की पुढे चला. तिथे हळदीचा पिवळा फिकट दिसेल, तुम्ही तो भडक कराल आणि टीव्हीवर सगळे नवरदेवाला कावीळ झाली का विचारतील! 'शंभर टक्के एसआरजीबी' मागा.

गेमिंग लॅपटॉप की मॅकबुक एअर? गेमिंगवाला दणकट, पण वजनदार, आवाज करणारा आणि चार्जर काढला की मंदावणारा. एअरला पंखाच नाही, त्यामुळे अगदी शांत, पण लांब एक्स्पोर्टला गरम होऊन तोही दमतो. दहा मिनिटांच्या घरगुती फिल्मला एअर पुरतो.

थांबा, आहे तोच चालेल का?

हे सेल्समन सांगणार नाही. रिझॉल्व्ह किंवा 'केडेनलाइव्ह'मध्ये 'प्रॉक्सी' नावाची सोय असते. सॉफ्टवेअर तुमच्या क्लिप्सच्या हलक्या कॉप्या बनवतं, तुम्ही त्यांच्यावर एडिट करता आणि शेवटी एक्स्पोर्ट मूळ फुटेजमधून होतो. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर आधी तीन मिनिटांची एक फिल्म पूर्ण करून बघा. ती झाली तर नव्या लॅपटॉपमध्ये काय हवं ते तुम्हालाच कळेल. नाही झाली, तर प्रॉब्लेम लॅपटॉपचा नव्हताच!

दुकानात जाताना

• स्वतःच्या दोन फोर-के क्लिप्स पेन ड्राइव्हवर न्या. त्या चालवा, भराभर मागे-पुढे करा.
• रॅमचा स्लॉट रिकामा आहे का, दुसरी एसएसडी बसते का, विचारा.
• चार्जर काढून पुन्हा तेच करून बघा.
• सर्व्हिस सेंटर पुण्यात कुठे आहे ते विचारा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या.
• कार्ड रीडर, हब, केबल शोरूममध्ये घेण्याआधी तापकीर गल्लीत एक चक्कर मारा.

आणि बॅकअप

बजेटमधून एक्स्टर्नल ड्राइव्हचे पैसे आधीच बाजूला काढा. जानेवारी २००३ मध्ये लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआयच्या आवारात आग लागली आणि तिथे ठेवलेल्या फिल्म संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. 'प्रभात'च्या फिल्मही त्यात गेल्या. जिथे सिनेमा जपणं हेच काम, तिथे ही गत, तर आपल्या एका लॅपटॉपचा काय भरवसा? एक कॉपी लॅपटॉपवर, एक ड्राइव्हवर, एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा मावशीकडे.

लॅपटॉप पुढच्या सेललाही मिळेल. आजीचा तो व्हिडिओ फोनमधून कॉपी करायचं काम मात्र याच रविवारी उरका.